कॅन्सरग्रस्तांसाठी हाफ मॅरेथॉन धावायची आहे, पण ओळखीच्यांकडे पैसे मागायचे कसे?

टाटा मुंबई मॅरेथॉनमधली हाफ धावून कॅन्सर रुग्णांसाठी निधी जमवायचाय, पण मागताना जीभ रेटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स या संस्थेसाठी धावले, तेव्हाचा अनुभव सांगते.

आधी पैसे नेमके कशाला लागतात ते स्वतःला पक्कं माहीत हवं. ते माहीत असलं की संकोच आपोआप गळतो. माझ्या मामेबहिणीच्या मुलाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला. लातूरहून ते परळच्या टाटा हॉस्पिटलात आले. मुलांमधल्या नेहमीच्या ल्युकेमियाचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात आणि सुरुवातीचे महिने मुंबई सोडताच येत नाही. औषधांना ट्रस्ट, सरकारी योजना यांचा हातभार लागतो, पण राहायचं कुठे? केमोने प्रतिकारशक्ती पार खाली जाते, साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा रुग्णांचा मोठा आधार आहे, पण जागा सगळ्यांना कुठून पुरणार? हॉस्पिटलजवळच्या जेरबाई वाडिया रोडच्या फुटपाथवर मुलांना घेऊन राहणारे आईबाप मी पाहिलेत. काही जण उपचार अर्धवट टाकून गावी परततात, आणि बरा होऊ शकणारा आजार मूल घेऊन जातो. मला सगळ्यात जास्त हे लागतं.

सेंट ज्यूड 2006 पासून अशा मुलांना आईवडिलांसकट मोफत ठेवून घेते. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र जागा, सामाईक स्वयंपाकघरात स्वतःचा ओटा, वर रेशन. बहिणीने तिथे पहिल्याच दिवशी मुगाची खिचडी टाकली आणि पोराने दुसऱ्यांदा मागून घेतली. पैसे मागताना मी लोकांना हीच खिचडीची गोष्ट सांगितली.

ग्रुपवर मेसेज टाकू नका, तिथे प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणी देईल. एकेकाला फोन करा, किंवा नाव घालून लिहा: "काका, मी जानेवारीत 21 किलोमीटर धावतेय, कॅन्सर झालेल्या मुलांच्या राहण्याखाण्यासाठी. तुम्ही काही द्याल का?" मग थांबा. 'जमेल तसं बघा' म्हणून स्वतःच माघार घेऊ नका. पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका, थेट संस्थेच्या लिंकवर भरायला सांगा. करसवलतीसाठी 80जीची पावती मिळते, पण ती वजावट फक्त जुन्या करप्रणालीत चालते आणि 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला लागू होत नाही. ज्येष्ठ मंडळी हे हमखास विचारतात.

"नुसती देणगीच दे ना, धावतेस कशाला?" असंही कोणीतरी विचारेल. माझी एकटीची देणगी माझ्या पगारातून निघेल तेवढीच. धावायचं म्हटल्यावर शेजारचे, ऑफिसातले, शाळेतल्या मैत्रिणी, सगळे त्यात आले.

सराव मात्र मनापासून करा. सी लिंकवर वारा बरा वाटतो, पण हाजी अलीनंतर पेडर रोडचा चढ दमलेल्या पायांनी चढायचा असतो. सरावात एखादा पूल किंवा चढ ठेवाच. पेडर रोडचे रहिवासी रस्त्यावर येऊन संत्र्याच्या फोडी हातात ठेवतात, त्या घ्या.

शर्यत झाली की दोन दिवसांत देणाऱ्या प्रत्येकाला पदकाचा फोटो आणि एकूण जमलेली रक्कम कळवा. माझे बरेचसे पैसे त्या मेसेजनंतर आले, म्हणून निधीची लिंक कधीपर्यंत चालू राहील ते संस्थेला आधीच विचारून ठेवा.