पॅनकेकला तिकीट लावू नकोस

न्यू जर्सी
आगमनकाळाचा पहिला रविवार, २९ नोव्हेंबर २०२६

प्रिय बाळ,

सलाम.

काल रात्री तुझा मेसेज वाचला आणि झोपायच्या आधीच ठरवलं, याला फोनवर उत्तर द्यायचं नाही, बसून लिहायचं. तुमच्या चर्चच्या रेक्टरबाईंनी, म्हणजे मुख्य पाळकबाईंनी, वसंतातल्या सगळ्या कार्यक्रमांची जबाबदारी तुझ्यावर टाकली आणि तू ‘हो’ म्हणालीस. चांगलं केलंस. पण पुढे लिहिलंस, ‘मावशी, मी इथली दोनच वर्षांची पाहुणी, या लोकांना मी काय सांगणार?’ त्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले.

आजची तारीख बघ. १९७० साली याच तारखेला, तेव्हाही आगमनकाळाचा, म्हणजे ख्रिसमसच्या आधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवारच होता, नागपुरात सहा पंथांच्या मंडळ्या एकत्र आल्या आणि आपली सी.एन.आय., चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, उभी राहिली. त्यात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, होते, म्हणून सी.एन.आय. आजही अँग्लिकन कम्युनियनमध्ये, त्या परंपरेतल्या चर्चच्या जागतिक कुटुंबात, आहे. तू जातेस ते इथलं एपिस्कोपल चर्चही त्याच कुटुंबातलं. अमेरिका इंग्लंडपासून सुटी झाली, त्यानंतर १७८९ मध्ये त्याची स्वतंत्र घडी बसली. तू चुलत्याच्या घरी आलेली पुतणी आहेस. पुतणी चहा मागत बसत नाही, उठून आधण ठेवते.

आता कामाचं. पुढच्या वर्षी ईस्टर फार लवकर, २८ मार्चलाच आहे. म्हणजे राख बुधवार, ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, १० फेब्रुवारीला आणि पॅनकेक सपर त्याच्या आदल्या मंगळवारी, ९ तारखेला. ख्रिसमसच्या वस्तू खोक्यात भरून जेमतेम महिना झालेला असेल. म्हणून स्वयंपाकघराची माणसं आत्ताच, डिसेंबरातच, धरून ठेव. व्हेस्ट्री, म्हणजे आपल्याकडची पास्टरेट कमिटी, चर्चचा कारभार पाहणारी, जानेवारीत जागी होते. तू तोवर थांबू नकोस.

माझं मुख्य सांगणं एकच आहे. दोन वह्या कर. एकीत फक्त जेवणं, दुसरीत फक्त विक्री. पॅनकेक सपर, उपवासकाळातलं बुधवारचं सूप, मुलांचं एग हंट, म्हणजे ईस्टरला लपवलेली अंडी शोधायचा खेळ, हे पहिल्या वहीत. रमेज सेल, म्हणजे जुन्या वस्तूंची विक्री, प्लांट सेल, म्हणजे रोपांची, लिलावाची संध्याकाळ हे दुसऱ्या वहीत. पहिल्या वहीतल्या कशालाही तिकीट लावायचं नाही, आणि दुसऱ्या वहीत पैसे मागताना संकोच करायचा नाही. या दोन वह्यांची सरमिसळ झाली की चर्चचं नुकसान होतं. ते हिशेबात दिसत नाही, म्हणून मी इतकं पोटतिडकीने लिहितेय.

हे मी पाहिलंय. फार वर्षांपूर्वी मी ज्या चर्चच्या मंडळीत होते तिथे छत गळत होतं. कुणीतरी सुचवलं, पॅनकेक सपरला माणशी १२ डॉलर घेऊ. मीही हात वर केला. त्या मंगळवारी मी दारात टेबल मांडून, गल्ला घेऊन बसले होते. पलीकडच्या गल्लीतलं एक कुटुंब आलं. आई, वडील, तीन मुलं. आदल्या वर्षी आली होती तीच. वडिलांनी पाटी वाचली, मनात गुणाकार केला आणि मुलांना म्हणाले, आपण दिवस चुकलो वाटतं. धाकटी वळून वळून आत बघत होती. आतून लोण्याचा वास येत होता. मी उठून त्यांना हाक मारायला हवी होती. मी मारली नाही, कारण रांगेतला पुढचा माणूस वीसची नोट पुढे करून उभा होता. त्या रात्री छतासाठी पैसे बरे जमले. ते कुटुंब पुन्हा कधी आलं नाही.

पॅनकेक का करतात हे तुला ठाऊक आहेच. उपवासकाळात अंडी, लोणी, दूध वर्ज्य असायचं, म्हणून घरातलं उरलंसुरलं त्या मंगळवारी संपवायचं. संपवायला काढलेल्या गोष्टीची किंमत कसली लावायची? दाराशी एक टोपली ठेव, झाकलेली, आत किती पडलं ते कुणाला दिसणार नाही अशी. ज्याला टाकायचे त्याने टाकावेत. बायबलमधली ती दोन टोल्या, म्हणजे जवळची शेवटची नाणी, टाकणारी विधवा इथेही येते, तिला आपण ओळखत नाही एवढंच. तव्यापाशी पुरुषांना उभं कर; इथे बऱ्याच ठिकाणी तशी रीतच आहे, आणि एरवी उपासनेनंतरच्या कॉफी अवरला कोपऱ्यात गप्प उभे राहणारे म्हातारे आजोबा हातात उलथनं आलं की मोकळे होतात. मुलांना गेल्या वर्षीच्या झावळ्या गोळा करायला सांग. झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आदल्या रविवारी, घरी नेलेल्या त्या झावळ्या जाळूनच दुसऱ्या दिवशी कपाळाला लावायची राख होते. ही राख कुठून येते हे मुलाने एकदा डोळ्यांनी पाहिलं की तो विसरत नाही.

बुधवारच्या सूपचं फार काही सांगत नाही. दोन पातेली, त्यातलं एक बिनमांसाचं, आणि पाव. तू एकदा आपली मसुराची आमटी कर, तिखट बेताचं ठेव. ती संपेल.

एग हंटला मात्र डोळ्यांत तेल घाल. मार्चअखेर आहे, हिरवळीवर चिखल असेल, बर्फही असू शकेल; चर्चचा पॅरिश हॉल राखीव ठेव. मुलं जिथे असतील तिथे दोन मोठी माणसं, एकाच घरातली नकोत, आणि दोघांचंही मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण झालेलं हवं. हा नियम गैरसोयीचा वाटेल. कुणी ‘अगं, आपलीच माणसं आहेत’ म्हणेल. तरी सोडू नकोस. चिमुरड्यांसाठी जागा वेगळी आख, नाहीतर दहा वर्षांचे गडी तीन मिनिटांत सगळं लुटून मोकळे होतात. शेंगदाण्याचं चॉकलेट टाळ.

लिलींबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण हे काम लहान समजून नवीन माणसाकडे देतात आणि त्यातच सगळ्यात जास्त दुखावतं. ईस्टरला वेदीभोवती लिलीच्या कुंड्या मांडतात. लोक आपल्या गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ कुंडीचे पैसे देतात आणि ती नावं बुलेटिनमध्ये, उपासनेच्या छापील पत्रिकेत, छापतात. एका वर्षी यादी माझ्याकडे होती. एका गृहस्थांच्या पत्नीचं नाव माझ्या हातून राहिलं. ते तक्रार करायला आले नाहीत. उपासना संपल्यावर बाकावर बसून बुलेटिनची तीच दोन पानं उलटत राहिले, पहिल्यांदा आपल्याच नजरेतून सुटलं असेल म्हणून. तेव्हापासून मी प्रत्येक नाव ज्याने दिलं त्याला वाचून दाखवते, एकेका अक्षरासकट. तूही तसंच कर. शेवटची तारीख उलटल्यावर कुणी आलं तरी नाव घे, हाताने लिहून चिकटवावं लागलं तरी चालेल. आणि कुंड्या घरी देताना आठवणीने सांग, घरात मांजर असेल तर नेऊ नका. लिली मांजरांसाठी विष आहे, अगदी परागकणसुद्धा.

वसंतात दोन पेट्या आपल्या नसतात, त्या आपल्या हिशेबात ओढू नकोस. उत्तम शुक्रवारचं, म्हणजे गुड फ्रायडेचं, अर्पण जेरुसलेम आणि मध्यपूर्वेतल्या अँग्लिकन मंडळ्यांना जातं. १९२२ पासूनची ही रीत आहे. दुसरी पेटी निळी, युनायटेड थँक ऑफरिंगची. ती एपिस्कोपल चर्चच्या बायकांनी १८८९ मध्ये सुरू केली. दिवसात ज्या गोष्टीसाठी आभार मानावेसे वाटले, तिच्यासाठी एक नाणं पेटीत. वसंतात आणि शरदात पेट्या गोळा होतात आणि जमलेलं सगळं अनुदान म्हणून वाटून टाकतात. मी पहिल्यांदा ही पेटी पाहिली तेव्हा आईचा डबा आठवला. भाकरीचं पीठ मळायला घेण्याआधी ती त्यातलं मूठभर एका डब्यात टाकायची, पाळकसाहेबांच्या घरी द्यायला. छत गळत असलं तरी त्या डब्याला कुणी हात लावत नसे.

आता दुसरी वही. इथे मन घट्ट कर आणि पैसे माग.

आपल्याकडच्या चर्चमधला कापणीच्या सणाचा लिलाव तू पाहिलायस ना? एकच भोपळा, घेणारा पैसे मोजायचा आणि परत वेदीपाशी ठेवून म्हणायचा, पुन्हा बोली लावा. तोच भोपळा तीनदा विकला जायचा आणि लोक हसून बेजार व्हायचे. इथला सायलेंट ऑक्शन त्याच्या अगदी उलट. वस्तूसमोर कागद असतो, लोक येऊन हळूच आकडा लिहून जातात. त्यात बोलायचं निमित्तच उरत नाही. मला विचारशील तर दोन-तीन वस्तू तरी मोठ्याने पुकारून विक. तुझा आवाज चांगला आहे. एखादी पुरणपोळीची थाळी ठेव आणि तिला तीनदा विक.

रमेज सेलचा नियम: काय घेणार नाही याची यादी आधी छाप. गाद्या नकोत, जुना टीव्ही नको, मुलांच्या गाडीतल्या सीट अजिबात नकोत, कारण त्यांची मुदत संपलेली असू शकते आणि अपघातात त्या दगा देऊ शकतात. कपडे स्वस्त ठेव. शेवटच्या दोन तासांत एक पिशवी भरून एकच ठरावीक रक्कम. जुन्या वस्तूंचं दुकान चालवणारे पहाटेपासून दाराशी उभे राहतात. त्यांनाही येऊ दे, पण मुलांचे कोट आधी शाळेतल्या आयांसाठी बाजूला काढून ठेव.

प्लांट सेल ८ मेला धर, मदर्स डेच्या आदल्या शनिवारी. आपल्या भागात मेच्या मध्यापर्यंत गोठणाऱ्या दहिवराची भीती असते, तेव्हा टोमॅटोच्या रोपांवर ‘आठवडाभर आत ठेवा’ अशी चिठ्ठी लाव. मोठ्या प्रमाणावर हे कसं करतात ते पाहायचं असेल तर मेच्या सुरुवातीला वॉशिंग्टनला जा. नॅशनल कॅथेड्रलच्या आवारात ऑल हॅलोज गिल्ड हे तिथलं मंडळ १९३९ पासून फ्लॉवर मार्ट, फुलझाडांचा बाजार, भरवतं आणि त्यातून तिथल्या बागा राखल्या जातात. मी जाऊन आले आहे. भारावून येशील, पण परत आल्यावर तेवढं मोठं करायला जाऊ नकोस. त्यातली एकच गोष्ट उचल: पैसे कशासाठी हे तिथे बागेकडे बोट करून दाखवता येतं. तुझ्याही पाटीवर ‘चर्चच्या मदतीसाठी’ असं लिहू नकोस. ‘फूड पँट्रीच्या नव्या फ्रीजसाठी’ असं लिही, म्हणजे गरजूंना अन्न देतो त्या खोलीतल्या फ्रीजसाठी, आणि फ्रीज आला की त्याचा फोटो लाव.

कायद्याचं थोडं, कंटाळू नकोस. लॉटरीच्या चिठ्ठ्या, इथे ज्याला रॅफल म्हणतात, न्यू जर्सीत परवान्याशिवाय विकता येत नाहीत. राज्याच्या नियंत्रण मंडळाकडे नोंदणी आणि गावाकडून परवाना, दोन्ही लागतं आणि त्याला वेळ जातो. मेमध्ये हवी असेल तर अर्ज जानेवारीतच. रॅफलचे पैसे म्हणजे देणगी नव्हे, त्यावर करसवलत मिळत नाही, हे कुणी विचारलं तर स्पष्ट सांग. जेवणाचं तिकीट १०० डॉलरचं आणि जेवणाची किंमत ४० असेल, तर देणगी ६० डॉलरचीच. ७५ च्या वरच्या तिकिटावर हे लेखी कळवणं बंधनकारक आहे. २५० किंवा त्याहून जास्त देणाऱ्याला पत्र गेलंच पाहिजे. रोकड कधीही एकटीने मोजू नकोस. दोघं, वेगवेगळ्या घरची, एका टेबलाशी, दोन सह्या. तुझ्यावर कुणाचा संशय आहे म्हणून नव्हे. उद्या कुणी काही बोललंच तर तुला रात्री झोप लागावी म्हणून.

वाइनचा विषय निघेल. मे महिन्यात केंटकी डर्बीच्या, म्हणजे घोड्यांच्या मोठ्या शर्यतीच्या, पार्ट्या निघतात, टोप्या घालून लोक येतात, छान असतं. पण २०१५ च्या जनरल कन्व्हेन्शनने, म्हणजे एपिस्कोपल चर्चच्या सर्वोच्च सभेने, धोरण ठरवलंय: दारू हे कार्यक्रमाचं आकर्षण म्हणून जाहिरातीत येता कामा नये, आणि दारू नसलेलं पेयही तितकंच देखणं, तितकंच हाताशी असायला हवं. तळघरात दर मंगळवारी व्यसनमुक्तीची बैठक भरते, ती माणसंही आपलीच आहेत. कोकम सरबत कर, उंच ग्लासात दे, बर्फ घाल.

आणि हे लक्षात ठेव, की या सगळ्या विक्रीतून चर्च चालत नाही. चर्च चालतं ते आत्ता शरदात लोकांनी भरून दिलेल्या प्लेजवर, म्हणजे पुढच्या वर्षी किती देऊ या लेखी वचनावर, महिन्याच्या महिन्याला शांतपणे येणाऱ्या पैशांवर. व्हेस्ट्रीत कुणी म्हणालं, ‘अंदाजपत्रकात खड्डा आहे, वसंतात भरून काढू’, तर नम्रपणे नाही म्हण. तो खड्डा तुझ्या पॅनकेकने भरायचा नाही. पहिल्यांदा हे म्हणताना आवाज कापेल. रेक्टरबाईंना आधी भेटून सांग, म्हणजे बैठकीत तू एकटी पडणार नाहीस.

गवती चहाची माझी दोन मोठी बेटं या थंडीत खिडकीपाशी आहेत. एप्रिलमध्ये फोडून दहा कुंड्या करते आणि ७ मेच्या संध्याकाळी घेऊन येते. पाच डॉलरच्या खाली देऊ नकोस. एक कुंडी बाजूला काढून ठेव. तुमच्या गल्लीत पलीकडे जे नवं कुटुंब आलंय म्हणालीस, त्यांच्याकडे तू स्वतः घेऊन जा. ९ फेब्रुवारीला जेवायला या, असं त्यांना डिसेंबरातच सांगून ठेवलंस तर आणखी बरं.

तुझी,
मावशी