मिस्त्रींनी देवदार म्हणून पाइन दिले, हे कसे ओळखावे आणि ते परत करावे का?

घणसोलीच्या घरात पुस्तकांच्या कपाटासाठी आलेले लाकूड देवदार आहे की पाइन, हे तुम्हाला ठरवायचे आहे. फळीच्या टोकाचा ताजा काप हुंगून पाहा. देवदाराला तेलकट, उग्र सुवास असतो, तर पाइनला राळेचा, टर्पेंटाइनसारखा वास येतो. शंका उरली, तर तो काप धारदार पटाशीने साफ करून भिंगाखाली धरा. सागवानासारखी छिद्रे दोन्हींत दिसणार नाहीत. मात्र पाइनच्या वलयांमध्ये राळेच्या नळ्यांचे ठिपके विखुरलेले असतात. देवदारात ते एरवी नसतात आणि झाडाला इजा झाली असेल तिथेच ओळीने दिसतात.

फसवणूक झाली असेल तर भाव कमी करून घ्या. पण केवळ पाइन आहे म्हणून लाकूड परत करू नका. पाइन घरच्या सामानाला चालते की नाही, हा वाद आमच्या घरात 2011 पासून चालू आहे. त्या वर्षी जुलैमध्ये मी तुर्भ्याच्या एका वखारीतून न्हावा शेवा बंदरात आलेल्या मालाच्या पॅलेटच्या, म्हणजे मालाखाली ठेवायच्या लाकडी चौकटीच्या, पाइन फळ्या आणल्या आणि ऐरोलीच्या घरी मुलीसाठी अभ्यासाचे टेबल केले. पाच फळ्या जोडून वरचा पाट केला आणि चारही बाजूंनी स्क्रू मारून तो चौकटीला घट्ट आवळला. जानेवारीत मधल्या फळीला रेषेच्या दिशेने अशी चीर गेली की तिच्यात रुपयाचे नाणे उभे राहत होते. दादाने त्या चिरेवरून नख फिरवले आणि सर्वांसमोर सांगितले, "खोक्याचे लाकूड खोक्यालाच शोभते."

चूक लाकडाची नव्हती, माझी होती. फळ्यांवर 'एचटी' असा शिक्का होता आणि त्यावरून लाकूड सुकवलेले आहे, असे मी धरून चाललो. त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच की कीड मारण्यासाठी लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियस तापमान 30 मिनिटे राखले होते. पावसाळी हवेतली ओल पिऊन फुगलेली फळी हिवाळ्यात रुंदीत आकसणारच, आणि तिला स्क्रूने जखडले तर ती फाटणार. सागवान कमी हलते, म्हणजे कमी फुगते-आकसते, हे मान्य आहे, पण हलतच नाही, हे दादाचे म्हणणे चुकीचे आहे. मी पाट सोडवला, चीर सरसाने भरली आणि स्क्रू सरकावेत म्हणून चौकटीत लांबट भोके केली. त्यानंतर मुलीची दहावी आणि बारावी त्याच टेबलावर झाली, आणि ती चीर पुन्हा उघडलेली नाही.

तुमच्या मिस्त्रींना रंध्याच्या पात्याला धार लावूनच काम करायला सांगा, कारण बोथट पाते पाइनचा मऊ भाग कापण्याऐवजी दाबते आणि पॉलिशनंतर तोच भाग फुगून वर येतो. फळीच्या टोकाजवळ स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडावे. गाठींवर लाखेच्या पॉलिशचा एक हात द्यावा, नाहीतर राळ रंगातून वर येते. गडद रंग हवा असेल तर तो आधी टाकाऊ तुकड्यावर लावून पाहा, कारण पाइन रंग एकसारखा पीत नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. पॅलेटवर 'एमबी' शिक्का असेल तर ते लाकूड घरात आणू नका. त्यावर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. तसेच सिंकखाली किंवा बाथरूमच्या चौकटीला पाइन मीही वापरणार नाही. तुमचे घर तळमजल्यावर असेल तर आधी वाळवीचा बंदोबस्त करा आणि कपाट भिंतीपासून दोन बोटे दूर ठेवा.