वाचकांचे प्रश्न : घरच्या पार्किंगमधला चार्जर

इलेक्ट्रिक गाडीचे बुकिंग झाले आहे, गाडी अजून दारात आलेली नाही आणि घरात चार्जरवरून चर्चा सुरू झाली आहे, अशा अवस्थेत लिहिलेली पत्रे या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून अधिक आली. त्यांतील काही प्रश्न एकमेकांत मिसळणारे होते. ते एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमची सदनिका अकराव्या मजल्यावर आहे. पार्किंग स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत) असून मीटर रूमपासून साधारण ६० मीटर अंतरावर आहे. गाडीबरोबर विक्रेता ७.२ किलोवॉटचा चार्जर देत आहे. वीजबिलावर मंजूर भार ३ किलोवॉट दिसतो. रोजचे जाणे-येणे ५० किलोमीटरच्या आसपास आहे. हा चार्जर लगेच बसवून घ्यावा का?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : चार्जर फुकट मिळतो, केबल मिळत नाही, आणि आपल्या बाबतीत खर्च व डोकेदुखी दोन्ही केबलचीच आहे. म्हणून आधी गरज मोजू या.

भिंतीवर लागणारी पेटी ही खऱ्या अर्थाने चार्जर नसते. एसी विजेचे डीसीत रूपांतर करून बॅटरी भरण्याचे काम गाडीच्या आत बसवलेला ऑनबोर्ड चार्जर करतो. भिंतीवरची पेटी अर्थिंग तपासते, किती प्रवाह घेता येईल हे गाडीला कळवते आणि काही बिघडल्यास पुरवठा तोडते. त्यामुळे गाडीतला ऑनबोर्ड चार्जर ३.३ किलोवॉटचा असेल, तर ७.२ ची पेटी लावूनही गाडी ३.३ नेच भरणार. आपण घेतलेल्या व्हेरिअंटमध्ये नेमका कोणता चार्जर आहे, हे कागदावर पाहून घ्यावे. एकाच मॉडेलच्या दोन व्हेरिअंटमध्ये तो वेगळा असू शकतो.

मध्यम आकाराची गाडी शहरात मीटरवरच्या एका युनिटमागे सात किलोमीटर चालते असे धरले, तर आपल्याला रोज सुमारे सात युनिटे लागतील. ३.३ किलोवॉटने ती दोन-सव्वादोन तासांत भरून निघतात, आणि रात्रीचे आठ तास मिळाले तर २६ युनिटे, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरहून अधिक अंतराची सोय होते. माझ्या मते आपल्याला आज ७.२ ची गरज नाही. तरीही केबल एकदाच टाकली जाते, म्हणून ती ३२ अँपिअरच्या, म्हणजे ७.२ किलोवॉटच्या, हिशेबाने टाकावी आणि पेटी १६ अँपिअरवर ठेवावी; बऱ्याच पेट्यांमध्ये बसवणाऱ्या तंत्रज्ञाला ही मर्यादा कमी करून देता येते.

केबल अकराव्या मजल्यावरून खाली आणण्याचा विचार काही वायरमन मांडतात. तो सोडून द्यावा. आपला मीटर तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये आहे, तेव्हा त्याच मीटरच्या पुढून स्वतंत्र एमसीबीवर (भार जास्त झाल्यास आपोआप पडणाऱ्या स्विचवर) एक शाखा काढून ती थेट पार्किंगकडे न्यावी. वापर आपल्याच बिलात येतो आणि घरातल्या वायरिंगला हात लागत नाही. मात्र ६० मीटर हे अंतर लहान नाही. जाऊन-येऊन १२० मीटर तांबे होते, आणि ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत ३२ अँपिअरला जवळपास १२ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. १० चौरस मिलिमीटरला हाच आकडा ७ च्या आसपास येतो. दुसऱ्या शब्दांत, बारीक तारेत चार्जिंग चालू असेपर्यंत ३८० वॉट, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पाच पंख्यांइतकी वीज, केबल गरम करण्यात जाते, आणि तिचे पैसे आपण भरतो. वायरमनने ‘सहाची चालते’ असे म्हटले तर ते चूक नाही, पण ते पंधरा-वीस मीटरसाठी. आपण दहाची तांब्याची आर्मर्ड (वरून पोलादी तारांचे कवच असलेली) केबल घ्यावी.

आता भार, म्हणजे एकाच वेळी किती वीज ओढली जाते ते. ७.२ किलोवॉटच्या जोडीला दीड किलोवॉटचा एसी आणि दोन किलोवॉटचा गीझर एकाच वेळी चालू राहिला, तर बेरीज अकराच्या घरात जाते. त्यासाठी थ्री फेज (तीन वेगळ्या तारांतून वीज देणारी) जोडणी मागावी लागेल आणि तिचा स्थिर आकार, म्हणजे वापर असो-नसो दरमहा भरायची रक्कम, सिंगल फेजपेक्षा जास्त असतो. पेटी १६ अँपिअरवर ठेवल्यास हीच बेरीज सातच्या आसपास राहते. दोन्ही परिस्थितींत ३ किलोवॉटचा मंजूर भार पुरणार नाही, तेव्हा भारवाढीचा अर्ज महावितरणकडे ऑनलाइन करावा आणि कामाचा चाचणी अहवाल परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून घ्यावा. (कळवा, मुंब्रा आणि शीळ भागात वितरणाचे काम मार्च २०२० पासून फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवरकडे आहे, तेथील वाचकांनी त्यांच्याकडे जावे.) पुढे कधी थ्री फेज घेतलेत तर एक गोष्ट लक्षात असू द्यावी. ७.२ ची पेटी सिंगल फेजचीच असते आणि ती एकाच फेजवर ३२ अँपिअर ओढते, म्हणून एसी आणि गीझर उरलेल्या दोन फेजवर वाटून घ्यावे लागतात.

काम संपल्यावर पेटीच्या आधी बसवलेला आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) स्वतः पाहावा. तो ३० मिलिअँपिअरचा आणि ‘ए’ प्रकारचा हवा. त्याच्या दर्शनी भागावर एका चौकटीत लहरीचे चिन्ह असते. नुसती एक लहर असेल तर तो ‘एसी’ प्रकार, लहरीखाली तुटक टेकड्यांसारखी दुसरी रेघ असेल तर ‘ए’. बाजारात स्वस्त मिळतो तो पहिला, आणि गाडीच्या चार्जिंगला तो योग्य नाही. पेटीत डीसी गळती ओळखण्याची ६ मिलिअँपिअरची सोय आहे का, हेही विचारावे. ती नसेल तर ‘बी’ प्रकारचा महाग आरसीसीबी घेण्याला पर्याय नाही.

प्रश्न : आमची सोसायटी जुनी, २८ सदनिकांची आहे. कमिटीने ‘आग लागेल’ आणि ‘एकाला दिले तर सगळे मागतील’ अशी दोन कारणे देऊन ना हरकत पत्र नाकारले. कायदा काय सांगतो?
– एक सभासद, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की, गाडीमालक आपल्या निवासस्थानी असलेल्या विद्यमान वीजजोडणीवर गाडी चार्ज करू शकतात. त्यापूर्वी एप्रिल २०१८ मध्ये याच मंत्रालयाने, गाडीची बॅटरी चार्ज करून देणे ही सेवा असून त्यासाठी वीज कायद्याखालील परवाना लागत नाही, असा खुलासा केला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती होऊन ग्राहकाला गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याची मुभा मिळाली. म्हणजे वीज घेण्याचा आपला हक्क वादाचा नाही. वादाची आहे ती जागा.

स्टिल्ट पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, ते इमारतीच्या सामाईक भागात मोडते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईतल्याच एका सोसायटीच्या प्रकरणात दिला. त्यामुळे आपल्या नावाची पाटी लावलेली जागा ही आपल्याला वापरासाठी वाटून दिलेली जागा असते, आणि सामाईक भिंतीवरून केबल नेण्यासाठी सोसायटीची परवानगी घ्यावीच लागते. कमिटीने कारण नसताना अडवू नये, तसे सभासदानेही ‘माझी जागा, माझी भिंत’ म्हणून ड्रिल मशीन घेऊन उतरू नये.

कमिटीची दुसरी शंका मला पहिलीपेक्षा अधिक रास्त वाटते. सर्व २८ जणांनी ७.२ ची पेटी लावली आणि रात्री अकराला सगळ्यांनी एकदम गाडी लावली, तर दोनशे किलोवॉटचा भार होतो. जुन्या इमारतीची मुख्य केबल आणि मीटर रूममधले बसबार (सर्व मीटरना वीज वाटणाऱ्या धातूच्या पट्ट्या) त्यासाठी बांधलेले नसतात. पण यावरचा उपाय नकार हा नव्हे. परवानाधारक ठेकेदाराकडून इमारतीची मुख्य केबल किती भार पेलू शकते हे एकदा लेखी घ्यावे. तोवर नव्या पेट्या १६ अँपिअरपुरत्या मर्यादित ठेवाव्यात, आणि प्रत्येकाची केबल वेगळ्या वाटेने भिंतीवर लोंबकळण्याऐवजी मीटर रूमपासून स्टिल्टच्या छताखालून एकच केबल ट्रे न्यावा, ज्याचा खर्च नंतर येणाऱ्यांनी वाटून घ्यावा. सर्वसाधारण सभेच्या ठरावात हे सगळे यावे. शिवाय सदनिका विकली किंवा पार्किंग बदलले तर पेटी कोणी काढायची, भिंत कोणी पूर्ववत करायची, हेही त्यातच लिहावे. भांडणे चार्जर बसवताना होतात त्याहून अधिक तो काढताना होतात.

आगीबद्दल इतकेच की, धोका असतो तो सैल जोडात आणि उघड्या तारेत. कमिटीने नकार देऊन चार्जिंग थांबत नाही. खिडकीतून सोडलेल्या एक्स्टेन्शनवर ते होऊ लागते, आणि ते खरोखरच धोक्याचे आहे.

आपल्याकडे पार्किंगची जागा दरवर्षी सोडत काढून बदलत असेल, तर मात्र वैयक्तिक पेटीचा आग्रह सोडावा. अशा सोसायटीत सामाईक जोडणीवर दोन पेट्या बसवून वापरानुसार सभासदाकडून पैसे घेणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

प्रश्न : आमच्या रो हाऊसच्या पोर्चमध्ये १५ अँपिअरचे सॉकेट आहे. गाडीबरोबर आलेली केबल त्यावर लावतो. महिन्याभरात प्लगची एक पिन तपकिरी झाली आणि जळका वास येऊ लागला. वायरमनने सॉकेट बदलले, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. शिवाय त्या केबलमधल्या छोट्या पेटीवरचा अर्थिंगचा लाल दिवा मधूनमधून लागतो.
– एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : या सॉकेटवर चार्जिंग आजच थांबवावे.

गीझर याच सॉकेटवर पंधरा मिनिटे चालतो; गाडी १४ अँपिअर सलग पाच-सहा तास ओढते. पिन आणि सॉकेटच्या पट्टीमध्ये ०.१ ओहमचा रोध जरी निर्माण झाला, तरी त्या टिचभर जागेत सुमारे २० वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीची लहान सोल्डरिंग इस्त्री २५ वॉटची असते, यावरून काय होते त्याची कल्पना यावी. पिन तापते, पट्टीची पकड आणखी सैल होते, रोध वाढतो, पिन आणखी तापते. सॉकेट बदलून हे थांबले नाही, याचे कारण बहुधा मागची तार आहे: पोर्चच्या दिव्यावरून किंवा पंपावरून ओढलेली अडीच चौरस मिलिमीटरची तार, आणि सॉकेटच्या स्क्रूखाली नीट न दाबलेली तिची टोके. शिवाय काळा पडलेला प्लग नव्या सॉकेटलाही खराब करतो.

मेन बोर्डापासून केवळ गाडीसाठी वेगळी तार काढावी, ३.३ किलोवॉटला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि २० अँपिअरचा एमसीबी, सोबत आरसीसीबी. आपले पार्किंग स्वतःचे आहे, कोणाची परवानगी लागत नाही, तेव्हा मी तर सॉकेटऐवजी भिंतीवरची पेटीच घ्यायला सांगेन. तिच्यात तार थेट टर्मिनलमध्ये पक्की बसते, प्लग आणि सॉकेट हा दुबळा जोडच राहत नाही. सॉकेटच ठेवायचे असेल तर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार ते जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावे, आणि एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये. आपल्या गल्लीत पावसाळ्यात पाणी कुठवर चढते हे आपल्याला ठाऊक असेलच. उंची त्याच्याही वर ठरवावी.

लाल दिव्याकडे दुर्लक्ष करू नये. सिडकोच्या जुन्या घरांतले अर्थिंग लोखंडी पाइपचे असते, आणि खाडीलगतच्या दमट, खाऱ्या हवेत व मातीत तो पाइप वीस-पंचवीस वर्षांत गंजून निकामी झालेला असू शकतो. परवानाधारक ठेकेदाराकडून अर्थचा रोध मोजून घ्यावा. तो ५ ओहमच्या आत यावा. येत नसेल तर गाडीसाठी तांब्याचा मुलामा असलेल्या इलेक्ट्रोडचा नवा खड्डा करून घ्यावा.

काही वायरमन हा दिवा घालवण्यासाठी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. दिवा विझतो, गाडी चार्ज होऊ लागते आणि मालक खूश होतो. पण पुढे कधी न्यूट्रल तुटला, तर गाडीचा संपूर्ण पत्रा जिवंत होतो, आणि ओल्या पोर्चमध्ये अनवाणी उभे राहून दाराला हात लावणाऱ्याला त्याचा धक्का बसतो. आपल्या सॉकेटमध्ये असा जोड केलेला नाही, हे झाकण उघडून पाहून घ्यावे.

प्रश्न : आमचा वापर महिन्याला २८० युनिटे आहे. गाडीमुळे ३०० ओलांडले की सगळी युनिटे महाग दराने लागतील, म्हणून वेगळा मीटर घ्या, असे शेजारी सांगतात. खरे काय?
– एक गृहिणी, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : हा गैरसमज फार पसरलेला आहे. घरगुती दराचे टप्पे १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे आहेत, आणि वरचा दर त्या टप्प्यातल्या युनिटांनाच लागतो. गाडीची १५० युनिटे धरली तर आपला वापर ४३० होईल. त्यातील १३० युनिटांनाच तिसऱ्या टप्प्याचा दर पडेल, आधीच्या ३०० चा हिशेब आज आहे तसाच राहील. चार्जिंगच्या स्वतंत्र जोडणीला टप्पे नसतात, पण तिचा स्वतःचा स्थिर आकार असतो आणि आपण महिनाभर गावाला गेलात तरी तो भरावा लागतो. बिलावर छापलेले टप्प्यांचे दर घेऊन दोन्ही बेरजा करून पाहाव्यात. उन्हाळ्यात दोन-दोन एसी चालून ज्यांचा वापर आधीच ५०० च्या वर जातो, त्यांना वेगळा मीटर परवडण्याची शक्यता अधिक. आपण घरच्याच मीटरवर चार्ज करावे असे मला वाटते.

प्रश्न : वीज गेल्यास घरच्या इन्व्हर्टरवर गाडी चार्ज करता येईल का?
– एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : नाही. इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत सगळी मिळून १.८ युनिट वीज मावते, आणि ती पूर्ण रिकामी केली तरी गाडी दहा-बारा किलोमीटरच्या पलीकडे जाणार नाही. घरगुती इन्व्हर्टर ३.३ किलोवॉटचा भार पेलतही नाही. तो ओव्हरलोड दाखवून बंद होईल.