दोन वर्षांच्या मुलाचं मांडीचं हाड मोडलंय, कमरेपासून प्लास्टर आहे. कसं सांभाळू?

माझी लेक सव्वादोन वर्षांची असताना आम्हीही यातून गेलोय. या वयात मांडीचं हाड बहुतेकदा ४ ते ६ आठवड्यांत जुळतं, धीर धरा. खरी कसरत शी-शूची. लहान मापाचा डायपर प्लास्टरच्या कडेच्या आत खोचायचा, वरून मोठा लावायचा, आणि दर दोन तासांनी बघायचं, रात्रीसुद्धा. खाज सुटली तरी आत पट्टी, पेन काही घालू नका. पायाची बोटं निळी, गार किंवा सुजलेली दिसली, किंवा रडणं थांबेचना, तर लगेच हॉस्पिटल गाठा.

तिथे त्याची रोजची गोधडी न्या. सुई टोचणार असतील तर ‘दुखणार नाही’ असं मात्र सांगू नका. मी सांगितलं होतं. नंतर कितीतरी दिवस लेक माझा हात धरायला तयार नव्हती.