मुलाने अमेरिकेतलं कॉलेज वर्षाच्या मधेच सोडलं. त्या वर्षीच्या टॅक्स रिटर्नमध्ये तो फुल-टाइम स्टुडंट धरला जाईल का? भरलेल्या फीचं क्रेडिट, म्हणजे टॅक्समधली सूट, मिळेल का?

पाच महिने भरत असतील तर धरला जाईल. सलग नकोत, अख्खेही नकोत. जानेवारी ते डिसेंबरमधल्या कुठल्याही पाच महिन्यांत एकेक दिवस जरी तो फुल-टाइम दाखल असला तरी चालतं. ३१ डिसेंबरला तो घरी सोफ्यावर लोळत होता का, हे आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं टॅक्स खातं, विचारत नाही. नातेवाईक विचारतात.

आमच्या मुलाने तिसऱ्या वर्षाला, ऑक्टोबरात कॉलेज सोडलं आणि न्यू जर्सीला घरी आला. दिवाळीत चकली मोडता मोडता भाऊजी म्हणाले, "वहिनी, पोरगं घरी बसलंय, आता कसला स्टुडंट? डिपेंडंट लावाल तर नोटीस येईल." भाऊजी इथे तीस वर्षं, अर्ध्या गोतावळ्याचे रिटर्न तेच भरतात, त्यामुळे आमच्या ह्यांनी लगेच मान डोलावली. मुलाला डिपेंडंट, म्हणजे आमच्यावर अवलंबून असलेला, दाखवायचं वगळलं. त्यानेही आपल्या रिटर्नमध्ये 'मला कोणी डिपेंडंट दाखवू शकतं' हा चौकोन कोरा ठेवला.

पुढच्या उन्हाळ्यात मी पब्लिकेशन ५०१, म्हणजे आयआरएसची डिपेंडंटच्या नियमांची पुस्तिका, स्वतः उघडलं आणि बोटांवर मोजलं. जानेवारी ते मे हे पाच झाले, वर ऑगस्टचा शेवटचा आठवडा, सप्टेंबर, ऑक्टोबर. आठ! मग आमचं आणि त्याचं, दोन्हीकडची १०४०-एक्स, म्हणजे दुरुस्त रिटर्न, भरली. डिपेंडंटचे ५०० डॉलर आले, शिवाय फीचं क्रेडिट. भाऊजींच्या लेखी कॉलेज सोडलेला मुलगा घरच्या यादीतूनच बाद होतो, टॅक्सचं नाव नुसतं पुढे केलं होतं. असल्यांना विचारून रिटर्न भरू नका.

हां, एक राहिलं. तुमच्या मुलाने एप्रिलमध्येच सोडलं असेल आणि परत कुठे नाव घातलं नसेल, तर चारच महिने होतात. मग वर्षअखेर तो १९ च्या आत नसेल तर अडू शकेल. मेचा एक दिवसही फरक पाडतो, म्हणून रजिस्ट्रारकडून सोडल्याची तारीख लेखी घ्या. स्टुडंट असला तरी वय २४ च्या आत हवं आणि निम्म्याहून जास्त खर्च त्याने स्वतः उचललेला नसावा. होस्टेलचे दिवस घरचेच धरतात. क्रेडिटसाठी कॉलेजने परत केलेली फी वजा करायची.

त्या पानाचा फोटो मी भाऊजींना व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. दोन निळ्या टिका आल्या. आता आमचे रिटर्न मी भरते.