मुंबईत लाइव्ह रॉक पहिल्यांदाच ऐकायचं आहे; येत्या हंगामात कुठे जावं?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी साताऱ्याहून मुंबईत येऊन सहा महिने झाले, आठ-दहा वर्षं हेडफोनवर रॉक आणि मेटल ऐकताय, पण एकही कार्यक्रम प्रत्यक्ष पाहिलेला नाही. दिवाळीनंतर काय काय चुकवू नये, आणि पैसे कशावर घालवावेत, असा प्रश्न आहे. मी गेली पंचवीसेक वर्षं या शहरात गिग्जना, म्हणजे बँडच्या लाइव्ह कार्यक्रमांना, जातोय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी एक कळकळीची विनंती. पहिलाच कार्यक्रम म्हणून महिन्याचा अर्धा पगार घालून मैदानावरच्या परदेशी बँडचं तिकीट काढू नका. आधी दोन-तीनशे माणसं मावतील अशा हॉलमध्ये इथलाच एखादा बँड ऐका. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मैदानात रंगमंचापासून शंभर मीटरवर उभे असाल तर ड्रमरची काठी पडलेली दिसते आणि ठोका कानावर यायला पाव सेकंदाहून जास्त वेळ जातो. तुम्ही बघता पडदा, ऐकता स्पीकर. लहान हॉलमध्ये तसं होत नाही. बास गिटारची खालची तार वाजली की ती आधी बरगड्यांत कळते, मग कानात. गिटारवाला गिटारचा आवाज बदलणारं पेडल पायाने दाबतो ते दिसतं, आणि इतकी वर्षं हेडफोनवर ऐकलेला तो आवाज नेमका कसा निघतो ते तिथे डोळ्यांसमोर उलगडतं. हा अनुभव आधी घेतलात की नंतर मैदानावर काय ऐकायचं हे तुमचं तुम्हालाच कळेल.

अशा लहान गिग्जसाठी माझी पहिली पसंती लोअर परळला, मथुरादास मिल कंपाउंडमधल्या अँटीसोशल या क्लबला. याच कंपाउंडमध्ये २००७ ते २०१६ ब्लू फ्रॉग हा लाइव्ह संगीताचा क्लब होता आणि माझ्या वयाच्या कितीतरी जणांनी पहिल्यांदा नीट, स्वच्छ आवाजातलं रॉक तिथे ऐकलं. तुम्ही साताऱ्याचे म्हणून आवर्जून सांगतो, माझे आजोबाही तुमच्याच जिल्ह्यातून आले आणि इथल्याच एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, लागले. १९८२ च्या संपात नोकरी गेली. साच्यांच्या खडखडाटाने त्यांचे कान पन्नाशीतच गेले होते. घरी आम्ही त्यांच्याशी समोर उभं राहून, ओठ दिसतील असं बोलायचो. ज्या भिंतींमध्ये माणसं आवाजाने बहिरी झाली तिथेच आज मी हौसेने आवाज ऐकायला जातो, हे मनातून कधी जात नाही. म्हणून सगळ्यात आधी इअरप्लग घ्या. साधे फोमचे प्लग औषधाच्या दुकानात मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पण १०० डेसिबलचा फक्त २० मिनिटं. गिगमध्ये स्पीकरजवळ १०० सहज ओलांडले जातात. प्लग घातल्याने मजा कमी होत नाही, उलट शब्द जास्त स्पष्ट ऐकू येतात.

आता हंगामाबद्दल. पावसाळ्यात मोठे उघड्यावरचे कार्यक्रम जवळजवळ थांबतात, हॉलमधली गिग्ज तेवढी चालू राहतात. खरी धामधूम ऑक्टोबर ते मार्च. त्यातलं सगळ्यात वर ठेवीन ते इंडिपेन्डन्स रॉक, आपल्या तोंडी आय-रॉक. १९८६ साली सुरू झालेला हा उत्सव धोबी तलावाला, झेवियर्स कॉलेजच्या शेजारच्या रंगभवनात व्हायचा, स्वातंत्र्यदिनाच्या आसपास, म्हणजे ऐन पावसात. मी पहिल्यांदा गेलो १९९९ मध्ये. घरी क्लासचं निमित्त सांगितलं होतं. रंगभवन उघड्यावरचं, दुपारी धो धो पाऊस लागला, आणि मला वाटलं आता सगळे पांगणार. कुणी हललं नाही. हजारो मुलं काळे टी-शर्ट चिकटलेल्या अंगाने उभी होती, शर्टातून वाफा निघत होत्या. शेजारच्या अनोळखी मुलाने आपली प्लास्टिकची पिशवी माझ्या डोक्यावर घातली आणि पुन्हा उड्या मारायला लागला. डोंबिवलीतल्या एका खोलीत कॅसेटवर ऐकलेलं संगीत आणखी इतक्या जणांना आवडतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्याआधी मला वाटायचं, हे वेड माझं एकट्याचंच.

रंगभवन पुढे बंद झालं ते प्रेक्षक आटले म्हणून नव्हे. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू लागला, आणि रंगभवनाच्या आजूबाजूला हे सगळंच आहे. रुग्णालयातल्या माणसाला झोप मिळायलाच हवी, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण शहराच्या मधोमध, लोकलने येण्याजाण्यासारखी, कॉलेजच्या मुलाला परवडणारी तशी जागा मुंबईने पुन्हा उभी केली नाही, ही बोच मात्र राहिली. आय-रॉक मग अंधेरीच्या चित्रकूट मैदानासारख्या जागी फिरत राहिला, काही वर्षं बंद पडला, आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये माझगावला, बेव्ह्यू लॉन्सवर परत सुरू झाला. जागा गोदीच्या बाजूला, समुद्राची हवा लागते. सँडहर्स्ट रोडला उतरून टॅक्सी करा.

आय-रॉकला जायचं तर दुपारीच जा. हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतोय. बहुतेक लोक संध्याकाळी सातला, मोठ्या नावांसाठी येतात, आणि सुरुवातीचे बँड अर्ध्या रिकाम्या मैदानासमोर वाजवतात. त्या पोरांनी वर्षभर नोकऱ्या सांभाळून, तासावर भाड्याने घेतलेल्या जॅमरूममध्ये तालीम केलेली असते. त्यांना मिळतात तीस-चाळीस मिनिटं, आणि ती ते जीव तोडून वाजवतात. शिवाय उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, त्यामुळे इथले कार्यक्रम लवकर सुरू होऊन लवकर संपतात. नऊला पोहोचलात तर शेवटची चार गाणी हाती लागतील.

बँड कोणते म्हणाल तर पोस्टरवर इंडस क्रीड दिसलं की विचार न करता तिकीट काढा. १९८४ साली मुंबईत रॉक मशीन या नावाने सुरू झालेला हा बँड, १९९३ मध्ये नाव बदललं. इथल्या बँडकडून लोकांना फक्त परदेशी गाण्यांच्या नकला हव्या असायच्या, त्या काळात त्यांनी स्वतःची गाणी लिहून वाजवायचा हट्ट धरला. उदय बेनेगल यांचा आवाज आणि महेश टिनईकर यांची गिटार एकत्र ऐकताना हा हट्ट किती योग्य होता ते कळतं. बंगळुरूचा थर्मल अँड अ क्वार्टर हा वेगळ्याच जातीचा. त्यात जॅझची वळणं, गुंतागुंतीचे ताल. पहिल्यांदा ऐकताना पाय कुठे आपटायचा ते कळत नाही, तिसऱ्या गाण्यापर्यंत कळायला लागतं. सिक्कीमचे गिरीश अँड द क्रॉनिकल्स सत्तर-ऐंशीच्या दशकातलं हार्ड रॉक वाजवतात, आणि गिरीश प्रधान ज्या उंचीवर गातात ती प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय खरी वाटत नाही.

तुम्ही मेटलवाले आहात म्हणून थोडं जास्त. मुंबईचं मेटल हे या शहराचं एक खरं वैभव आहे, आणि इथल्याच लोकांना त्याची पुरती कल्पना नाही. डिमॉनिक रिझरेक्शन २००० पासूनचा. साहिल मखिजा यांच्या या बँडने २०१७ मध्ये विष्णूच्या दहा अवतारांवर अख्खा अल्बम केला. मत्स्य, कूर्म, वराह अशा क्रमाने एकेक गाणं. आपण लहानपणी कीर्तनात आणि दशावतारी खेळात ऐकलेल्या गोष्टी, इथे दुहेरी बास ड्रमच्या गडगडाटावर. नरसिंहाला हा आवाज शोभतो, हे ऐकल्यावर मला अगदी मनापासून पटलं. भयानक मौत हे नाव कानावर आलं तर घाबरू नका, त्यांच्याइतका घट्ट एकत्र वाजवणारा बँड मी क्वचित पाहिलाय. गटस्लिट त्याहून कडक, युरोपभर दौरे करून आलेला. हे बँड वर्षातून थोडीच गिग्ज करतात. म्हणून तिकिटांच्या अॅपवर विसंबून राहू नका, बँडना थेट इन्स्टाग्रामवर फॉलो करा. घोषणा कधी कधी दोन-तीन आठवडे आधीच येते. तिकीट साधारण पाचशे ते हजारात बसतं.

आता मोठे कार्यक्रम. लोलापलूझा हा मोठा संगीतमहोत्सव २०२३ पासून महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर होतो, जानेवारी ते मार्चच्या दरम्यान. पहिल्या वर्षी इमॅजिन ड्रॅगन्स आणि द स्ट्रोक्स होते, २०२४ ला स्टिंग, २०२५ ला ग्रीन डे. तिकीट महाग, धूळ भरपूर, चालणं प्रचंड. तुमच्या अगदी आवडीचं मुख्य नाव असेल तरच जा, आणि गेलात तर दुपारी लहान रंगमंचांवर भारतीय बँड लागतात तिथून सुरुवात करा.

फेब्रुवारीत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल असतो, २०११ पासून. तुम्ही विचारलंत रॉकबद्दल, पण हा मी सोडू देणार नाही. तुम्ही ऐकता त्या प्रत्येक गिटारवाल्याची मुळं ब्लूज संगीतात आहेत. पहिल्याच वर्षी अमेरिकन ब्लूज गिटारवादक बडी गाय आले होते. सत्तरी पार केलेला माणूस एकच सूर इतका हळू वाजवत गेला की आख्खा स्टुडिओ श्वास धरून उभा राहिला. आवाज वाढवायला कुणालाही येतो. तो इतका खाली आणून हजारोंना गप्प करता येतं, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं.

पुण्याचा एनएच सेव्हन वीकेंडर हा संगीतमहोत्सव २०१० पासूनचा. मेगाडेथ, स्टीव्हन विल्सन, ओपेथ हे सगळे वेगवेगळ्या वर्षी तिथे वाजवून गेले. अलीकडे त्याचं वेळापत्रक पूर्वीसारखं पक्कं नाही, म्हणून जाहीर झाला तरच बेत करा. पवईच्या आयआयटीचा मूड इंडिगो हा कॉलेज महोत्सव डिसेंबरअखेरीस असतो, तिथली लाइव्हवायर ही बँडस्पर्धा खूप जुनी. कॉलेजात शिकणारं कुणी सोबत असेल तर आधी नोंदणीची चौकशी करा.

मोठ्या बँडच्या आठवणी माझ्याकडेही आहेत, त्या नाकारत नाही. १ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडन वांद्रे-कुर्ला संकुलात वाजवायला आले, त्यांच्या जागतिक दौऱ्याची सुरुवातच मुंबईतून झाली, आणि गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बँडचं विमान चालवत आला होता. ऑक्टोबर २०११ ला मेटॅलिकासाठी उद्यान एक्सप्रेसने चोवीस तास प्रवास करून बंगळुरूला गेलो, घोट्यापर्यंत चिखलात उभा राहिलो. दोन्ही दिवस जन्मभर पुरतील. पण दुसऱ्या एका मोठ्या मैदानावर, आयोजकांचं नाव घेत नाही, प्यायचं पाणी मिळवायला पाऊण तास रांगेत गेला आणि त्या वेळात ज्यासाठी आलो होतो ते गाणं संपलं. मैदानावर जाल तेव्हा आधी पोटभर पाणी पिऊन जा आणि दार उघडताच पाण्याची जागा हेरून ठेवा.

थोडं व्यवहाराचं. ओळखपत्र सोबत ठेवा. बारचा परवाना असलेल्या जागी वय विचारतात. उभं राहायचं ते साउंडवाल्याच्या टेबलासमोर, कारण तो स्वतःच्या कानाने तिथलाच आवाज जुळवत असतो. मेटलच्या गिगमध्ये मधोमध रिंगण पडेल, मुलं एकमेकांवर आदळतील. बाहेरून मारामारी वाटते, पण त्यात कुणी पडलं की चार हात त्याला लगेच उचलतात. उतरायचं नसेल तर भिंतीकडे सरका, कुणी ओढणार नाही. चष्मा असेल तर खिशात ठेवा. एकटे आलात म्हणून संकोच करू नका, अर्धी माणसं एकटीच आलेली असतात. बँडचे टी-शर्ट विकायला असतात, जमलं तर एक घ्या. तिकिटातून त्यांच्या हाती फार उरत नाही, टी-शर्टचे पैसे सरळ त्यांच्याकडे जातात.

आणि शेवटची लोकल किती वाजता आहे ते निघायच्या आधी बघून ठेवा. माझी कितीतरी वेळा चुकली. मग दादरला फलाटावर बसून, कान गुणगुणत असताना, शेजारी त्याच गिगहून आलेला कुणी ना कुणी भेटतोच. तिसरं गाणं त्यांनी वेगात वाजवलं की नाही, यावर पहाटेची पहिली गाडी येईपर्यंत बोलणं चालतं.