वाचकांचे प्रश्न : बाल्टिक समुद्र आणि शेजारी शहरांचं सांडपाणी

गेल्या अंकात उत्तर युरोपातल्या बाल्टिक समुद्राकाठच्या शहरांच्या संघावर एक छोटं टिपण दिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांचा रोख सांडपाण्यावर आहे, त्यामुळे उत्तरंही तिकडेच झुकली आहेत.

बाल्टिकभोवतीच्या देशांमध्ये करार आहेत, आयोग आहे. मग शहरांचा वेगळा संघ कशासाठी? (नाशिक)

करार आहेतच. बाल्टिकचं प्रदूषण रोखण्यासाठीचा हेलसिंकी करार १९७४ सालचा, १९९२ साली तो नव्याने लिहिला गेला. त्याखाली काम करणारा आयोग हेल्कॉम या नावाने ओळखला जातो. सांडपाण्यातला फॉस्फरस हे शेवाळाचं खत, तो किती समुद्रात सोडलेला चालेल, हे आयोग सुचवतो. पण मैला शुद्धीकरण प्रकल्प चालवते नगरपालिका, आणि बंदरही बऱ्याच ठिकाणी तिच्याच मालकीचं असतं. सप्टेंबर १९९१मध्ये पोलंडमधल्या ग्दान्स्कला ३२ शहरांनी हा संघ स्थापला, तेव्हा एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया नुकतेच सोव्हिएत संघातून बाहेर पडले होते. कचेरी ग्दान्स्कलाच आहे, पर्यावरणाचं काम मुख्यतः फिनलंडमधल्या तुर्कूहून चालतं. वर्गणी लोकसंख्येच्या प्रमाणात, सर्वसाधारण परिषद दर दोन वर्षांनी.

परिषदेतल्या ठरावांना आम्ही फार किंमत देत नाही. कामाचा भाग असा, की एका शहराच्या प्रकल्पावरचा अभियंता दुसऱ्या शहरातल्या अभियंत्याला रसायनाची मात्रा किती घातली, पंप कुठला बसवला हे थेट विचारू शकतो. लाटव्हियातल्या रिगा आणि युर्मालासारख्या शहरांत फॉस्फरस लिटरला ०.५ मिलिग्रॅमपर्यंत खाली आणायचा प्रकल्प हेल्कॉम आणि संघ यांनी याच पद्धतीने मिळून राबवला. युरोपीय संघाच्या १९९१च्या निर्देशात मोठ्या शहरांना १ मिलिग्रॅम चालत होता. म्हणजे या शहरांनी कायद्यापेक्षा कडक मर्यादा स्वतःला लावून घेतली.

एवढे श्रीमंत देश, तरी दर उन्हाळ्यात समुद्र शेवाळाने हिरवा का होतो? (कोल्हापूर)

बाल्टिक हा समुद्र कमी आणि खाऱ्या पाण्याचं तळं जास्त. सरासरी खोली ५५ मीटरच्या आसपास. अटलांटिकशी जोडणाऱ्या डेन्मार्कजवळच्या सामुद्रधुनींतले तळाचे उंबरठे जेमतेम ८ ते १८ मीटर खोल. आतलं पाणी पूर्ण बदलायला २५-३० वर्षं लागतात आणि भरती-ओहोटी बहुतेक ठिकाणी काही सेंटिमीटरचीच. शिवाय हलकं गोडं पाणी वर आणि जड खारं पाणी खाली असे थर बसलेले, त्यामुळे वरचा प्राणवायू तळाशी पोचत नाही.

आता फॉस्फरसकडे येऊ. प्राणवायू असतो तोवर तळाच्या गाळातलं लोह फॉस्फरसला धरून ठेवतं. मेलेलं शेवाळ तळाशी कुजून प्राणवायू संपला, की लोहाची पकड सुटते आणि जुना फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो. त्यावर नवं शेवाळ वाढतं. त्यातलं नीलहरित शेवाळ नायट्रोजन हवेतूनच घेतं, त्यामुळे त्याला अडवायचं तर फॉस्फरसच अडवावा लागतो. त्याच्या काही जाती विषारी आहेत, असं पाणी प्यालेली कुत्री दगावतात. बहर नेमका जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे पर्यटनाच्या हंगामात येतो. पर्यावरण आणि अर्थकारण तिथे एकाच किनाऱ्यावर आपटतात ते असे.

फिनलंडने सेंट पीटर्सबर्गच्या सांडपाण्यावर पैसे खर्च केले हे वाचून नवल वाटलं. हे दातृत्व की हिशेब? आणि फॉस्फरस काढतात तरी कसा? (पुणे)

हिशेब. हेलसिंकी आणि स्टॉकहोम आपल्या मैलापाण्यातला ९५ टक्क्यांहून अधिक फॉस्फरस आधीच काढत होती. उरलेल्यातला प्रत्येक किलो काढणं महाग पडतं. हेलसिंकी ज्याच्या काठी आहे त्याच फिनलंडच्या आखाताच्या टोकाला, रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, लाखो लोकांचं मैलापाणी प्रक्रियेविना नेव्हा नदीत जात होतं. तिथला किलो कितीतरी स्वस्त, आणि समुद्र तोच. पीटर्सबर्गचा नैऋत्य शुद्धीकरण प्रकल्प २००५ साली सुरू झाला, मैलापाणी प्रकल्पाकडे नेणारा उत्तरेकडचा मोठा भुयारी वाहक २०१३ साली पूर्ण झाला. मधल्या काळात तिथल्या मोठ्या प्रकल्पांवर रासायनिक पद्धतीने फॉस्फरस काढायला फिनलंडमधल्या एका प्रतिष्ठानाने मदत केली. २०२२ नंतर रशियाशी असलेलं हे सहकार्य थांबलं.

रसायन साधं आहे : फेरस सल्फेट, म्हणजे आपला हिराकस. १ लाख वस्तीच्या शहराचं गणित मांडून पाहा. माणशी दिवसाला दीड ग्रॅम फॉस्फरस धरला, तर १५० किलो होतात. एक तृतीयांश जिवाणू आपल्या वाढीसाठी घेतात, उरतात १००. रसायनशास्त्राप्रमाणे १ किलो फॉस्फरसला १.८ किलो लोह लागतं, पण प्रत्यक्षात दीडपट घालावं लागतं, म्हणजे २७० किलो. हिराकसात लोह साधारण २० टक्के. तेव्हा रोज सुमारे १,३५० किलो हिराकस. माणशी २०० लिटर पाणी धरलं तर शहरातून दिवसाला २ कोटी लिटर मैलापाणी येतं आणि ०.५ मिलिग्रॅमच्या मर्यादेत फक्त १० किलो फॉस्फरस बाहेर जाऊ शकतो.

चुका ठरलेल्या. हिराकसातलं लोह आधी हवेने बदलावं लागतं, तेव्हाच ते फॉस्फरसला नीट धरतं. म्हणून तो हवा सोडतात त्या टाकीत किंवा तिच्या आधी घालायचा. शेवटच्या निवळण टाकीपाशी घातला तर पाणी पिवळं पडतं आणि फॉस्फरस तसाच राहतो. मात्रा जास्त झाली तर पाण्याची क्षारता घटते आणि नायट्रोजन काढणारे जिवाणू मरगळतात. दिवसभर एकच मात्रा चालू ठेवली तर सकाळच्या लोंढ्याला ती कमी पडते, रात्री वाया जाते. ती प्रवाहाप्रमाणे बदलती हवी. आणि हमखास दुर्लक्षित गोष्ट म्हणजे निवळणीतून सुटलेला गाळ. बाहेर जाणाऱ्या पाण्यातल्या प्रत्येक मिलिग्रॅम गाळात ०.०२ ते ०.०३ मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. लिटरला १० मिलिग्रॅम गाळ सुटला की निम्मी मर्यादा तिथेच संपली. अशा वेळी रसायन वाढवून उपयोग नाही, निवळण टाकी दुरुस्त करायला हवी.

क्रूझ जहाजांचं मैलापाणी बंदरात उतरवायला लावतात म्हणे. त्यात अवघड काय? पाइप जोडला की झालं. (मुंबई)

आधी नियम सांगतो. प्रवासी जहाजांना बाल्टिकमध्ये मैलापाणी सोडायला बंदी आहे, नव्या जहाजांना जून २०१९पासून, जुन्यांना जून २०२१पासून. पीटर्सबर्गच्या थेट फेऱ्यांना आणखी दोन वर्षांची सवलत होती. जहाजावरच नायट्रोजन आणि फॉस्फरस काढणारं यंत्र असेल तर गोष्ट वेगळी. आंघोळीचं आणि स्वयंपाकघराचं पाणी या नियमात येत नाही, ही आमच्या मते मोठी पळवाट आहे.

आता पाइप. आंतरराष्ट्रीय नियमातली जोडणीची चकती २१० मिलिमीटर व्यासाची, १६ मिलिमीटर जाड, चार बोल्टची, आणि ती १०० मिलिमीटरपर्यंतच्या नळीसाठी आहे. सेकंदाला ३ मीटर वेग धरला तर त्यातून तासाला ८५ घनमीटर जातं. ४,००० माणसांच्या जहाजाने सगळं पाणी साठवून आणलं, तर माणशी २०० लिटरने एका दिवसाचं ८०० घनमीटर होतं. उतरवायला नऊ तासांहून जास्त, आणि जहाज धक्क्याला आठ-दहा तासच असतं. म्हणून बंदरांना दोन जोडण्या किंवा मोठी नळी ठेवावी लागते. टँकरने भागत नाही.

दुसरी अडचण वासाची. जहाजावरचे शौचालय हवेच्या ओढीवर चालतात, फ्लशला लिटरभर पाणी लागतं, त्यामुळे मैला दाट असतो. टाकीत दोन दिवस राहिला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. शहराच्या बंद नाल्यात तो छताला चिकटलेल्या जिवाणूंकडून गंधकाम्ल बनतो आणि काँक्रीट वरून खातो. उपाय म्हणजे जहाजाच्या टाकीत हवा सोडणं, बंदरात लोहक्षार घालणं आणि बाहेर पडणारी हवा कोळशाच्या गाळणीतून नेणं. धक्क्यावर साठवण टाकी असेल तर मैला रात्री हळूहळू शहराच्या नाल्यात सोडता येतो.

पैशाची युक्ती मात्र सोपी आहे. मैलापाणी उतरवण्याचं वेगळं शुल्क नाही, ते बंदराच्या फीमध्येच धरलेलं असतं. समुद्रात सोडून काहीच वाचत नाही. पण ही युक्ती सगळ्या बंदरांनी मिळून लावली तरच चालते, नाहीतर जहाज शेजारच्या स्वस्त बंदराकडे वळतं.

आपल्या कोकणातल्या नगरपालिकांना यातलं काय घेता येईल? आपल्याकडे तर भरती सगळं वाहून नेते. (मालवण)

मुंबईत उधाणाला चार-पाच मीटर पाणी चढतं, हे खरं. पण ते खाडीत पुन्हा आत येतं. आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत पावसाळ्याच्या अखेरीस तळाचं पाणी निसर्गतःच प्राणवायूने कमी झालेलं असतं. त्यात मैल्याची भर परवडणारी नाही.

संघ, वर्गणी, परिषद नंतर. आधी तीन-चार शेजारी नगरपालिकांनी एकाच दिवशी, एकाच पद्धतीने नमुने घ्यावेत. खाडीत ओहोटीच्या अखेरीस घ्या. भरतीला घेतलेला नमुना समुद्राचा असतो, शहराचा नव्हे. नाल्यावर एकदाच बाटली भरू नका, २४ तासांत दर तासाला थोडं घेऊन मिसळा. बाटल्या साबणाने धुऊ नका, साबणातला फॉस्फेट आकडा फुगवतो. पातळ आम्लाने खळबळून स्वच्छ पाण्याने धुवा. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा, आणि सगळ्या गावांची प्रयोगशाळा एकच ठेवा. दोन प्रयोगशाळांचे आकडे समोर आले की पहिली बैठक त्यांच्या वादातच जाते.